आधी सांगा, आत काय आहे?

(दृश्य : एम.जी. रोड, सकाळचे अकरा. अर्धवट वर गेलेली शटरं.)

नाशिकचा एम.जी. रोड. मोबाइलची काच फुटली, चार्जर जळाला, बॅटरी फुगली, की नाशिककराचे पाय इकडेच वळतात. या रस्त्यावर एका जिन्याखाली छोटंसं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्याला पायरीवर थांबावं लागतं. आज तिथल्या टेबलावर एक लॅपटॉप उघडायचाय.

लॅपटॉप आलाय नाशिकरोडहून. सिटीलिंकच्या बसने, टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर. मालकीणबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. लॅपटॉप त्यांनी 2016 साली घेतला. "सकाळी बटण दाबते आणि कुकर लावते," त्या सांगतात. "तिसरी शिट्टी होते, तरी ते गोल गोल फिरतंच असतं." पुण्याची मुलगी फोनवर म्हणते, आई, टाकून दे, नवा घे.

दुकानातला दादा लॅपटॉपला हात लावत नाही. आधी विचारतो, "मॅडम, आत काय काय आहे?"

हा प्रश्न नीट ऐका. हा माहितीपट मी या एका प्रश्नासाठी करायला घेतला.

माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या होत्या. सिन्नरच्या जुन्या घरात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, 40 मिनिटं. आजी गेली. पुढे माझा लॅपटॉप सारखा हँग व्हायला लागला म्हणून मी तो एका दुकानात टाकला. संध्याकाळी परत मिळाला तेव्हा छान पळत होता. "फॉरमॅट मारलाय," तिथला मुलगा म्हणाला. आत काय आहे हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. दुसरीकडे कुठे कॉपी नव्हती. त्या ओव्या आता कुठेच नाहीत.

(दृश्य : बाई पिशवीतून चिठ्ठी काढतात.)

बाईंनी यादी करून आणलीय. शाळेचे फोटो. पेन्शनची कागदपत्रं. नातवाचे व्हिडिओ. आणि "मराठी निबंध" नावाचं फोल्डर, 20 वर्षांत मुलांना लिहून दिलेलं सगळं. दादा यादी वाचतो, मग लॅपटॉप सुरू करतो.

थांबावं लागतं. खरंच बराच वेळ थांबावं लागतं. मग तो टास्क मॅनेजर उघडून एका आकड्यावर बोट ठेवतो. डिस्क : 100 टक्के. प्रोसेसर निवांत आहे. तो हार्ड डिस्कची वाट बघत बसलाय.

म्हणजे लॅपटॉप म्हातारा झालेला नाही. दमलीय ती डिस्क.

(दृश्य : दुकानातली एक निकामी हार्ड डिस्क, झाकण काढलेली.)

ही बघा. आरशासारखी चकचकीत तबकडी, आणि तिच्यावर सरकणारा बारीक हात. लॅपटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 90. हाताच्या टोकाला असलेलं हेड तबकडीला टेकत नाही. ते काही नॅनोमीटर वर तरंगतं. आपल्या डोक्याचा एक केस त्या फटीपुढे डोंगराएवढा. फाइल हवी असली की हात त्या जागी जायला हवा, आणि तबकडीचा तो भाग फिरत त्याच्याखाली यायला हवा. यात साधारण 15 ते 18 मिलिसेकंद जातात. ऐकायला काहीच नाही. पण विंडोज सुरू होताना हजारो बारीक बारीक फाइली मागते, त्याही डिस्कभर विखुरलेल्या, आणि हात बिचारा इकडून तिकडे धावत राहतो. कुकरच्या तीन शिट्ट्या तिथे जातात.

हार्ड डिस्कच्या जागी बसते ती नव्या प्रकारची डिस्क म्हणजे एसएसडी. तिच्यात यातलं काहीच नाही. तबकडी नाही, हात नाही, फिरणं नाही. नुसत्या फ्लॅश मेमरीच्या चिपा. हव्या त्या जागेवरचा डेटा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, बऱ्याचदा त्याहून लवकर, हाती येतो. फाइल कॉपी करण्याचा वेग हार्ड डिस्कवर सेकंदाला 100 एमबीच्या आसपास असतो. साध्या साटा एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीत बसणाऱ्या एसएसडीवर, तो 500च्या वर जातो. पण बाईंना फरक जाणवणार आहे तो शोधाशोध थांबल्याचा.

पहिली हार्ड डिस्क आली 1956 साली, आयबीएमची. दोन-दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावत होती सुमारे 50 लाख अक्षरं. बाईंच्या मोबाइलमधला एखादा मोठा फोटो तिच्यात बसला नसता.

आता दादा डिस्कची तब्येत तपासतोय. डिस्क स्वतःची नोंद स्वतः ठेवत असते. किती तास चालली, किती सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे बारीक कप्पे, खराब होऊन बदलावे लागले, किती सेक्टर वाचता येईनात. स्क्रीनवर निळ्याऐवजी पिवळा रंग आलाय. काही सेक्टर खराब आहेत, थोडेच. "वेळेवर आलात, मॅडम."

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. डिस्कमधून टक् टक्, टक् टक् असा आवाज येत असेल, तर मशीन लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. बिघडलेलं हेड तबकडीवर घासत असेल, तर प्रत्येक वेळी बटण दाबताना आपण आपलेच फोटो खरवडत असतो. अशी डिस्क डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी.

(दृश्य : लॅपटॉप उलटा. शेजारी कोरा कागद.)

जुना डेटा नव्या एसएसडीवर जसाच्या तसा उतरवायचा, याला क्लोन करणं म्हणतात. नवी एसएसडी यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून लॅपटॉपला जोडली. पण त्याआधी दादाने यादीतल्या चारही गोष्टी वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी केल्या. क्लोन करताना सोर्स (कुठून) आणि टार्गेट (कुठे) उलटे निवडले गेले, की रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. एका चुकीच्या क्लिकचं काम. म्हणून आधी कॉपी, मग क्लोन. आणि लॅपटॉपमध्ये बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल, तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्यायची.

क्लोनला तास-सव्वा तास लागणार. बाई स्टुलावर बसून आहेत. चहा येतो. कॉपी झालेल्यातला एक फोटो त्या दाखवतात. पांडवलेणीच्या पायऱ्या, निळ्या-पांढऱ्या गणवेशातली पोरं, प्रत्येकाच्या हातात डबा. "ही समोरची आता नर्स आहे," त्या म्हणतात.

(दृश्य : क्लोज-अप, स्क्रू.)

आता झाकण. दादा कोऱ्या कागदावर लॅपटॉपची चौकट काढतो, आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर ठेवतो. मला हे फार आवडलं. मागचे स्क्रू सारखे दिसतात, पण लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात पिळला, तर तो वरच्या प्लास्टिकमधून बाहेर येतो, नाहीतर बोर्डात घुसतो. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. ते न काढता झाकण ओढलं की कड तुटलीच म्हणून समजा. प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरते. कट्, कट्, कट्. झाकण सुटतं.

सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. तोही वायर ओढून नाही, नखाने सरकवून. आणि त्याच्याही आधी एखाद्या उघड्या धातूला हात लावायचा. निफाडला पारा उतरतो त्या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना ठिणग्या चटचटतात. ती ठिणगी चिप मारायला पुरेशी असते. आपल्याला ती जाणवावीच लागते असंही नाही.

डिस्क चार स्क्रूंनी पत्र्याच्या चौकटीत बसवलेली. ती सरकवून बाहेर. जुनी डिस्क 7 मिलिमीटर जाडीची, नवी एसएसडी तेवढीच. काही जुन्या लॅपटॉपमध्ये साडेनऊ मिलिमीटरची असते, तिथे प्लास्टिकची कड लावून फट भरतात. 2016 नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू नावाची एसएसडी असते, च्युइंगगमच्या पट्टीसारखी, 22 मिलिमीटर रुंद आणि 80 लांब. ती साटाची आहे की एनव्हीएमई या जास्त वेगवान जोडणीची, हे विकत घ्यायच्या आधी बघावं, कारण दोन्ही दिसायला जवळपास सारख्या. आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये तर स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे हे काम होतच नाही. पाठीवरचा मॉडेल नंबर घेऊन दुकानात जा, म्हणजे फेरा वाचतो.

(दृश्य : दुपार. पायरीवर दोन मुलं, हातात प्लेस्टेशन 4.)

मध्येच इंदिरानगरचे दोन भाऊ आले. पीएस 4, आतली डिस्क 500 जीबीची, त्यातली वापरायला मिळते 400च्या आसपास. आता एकेक गेम 100 जीबीचा. नवा टाकायचा तर जुना उडवायचा, आणि घरी यावरूनच भांडण.

यात डिस्क बदलणं लॅपटॉपपेक्षा सोपं. 2013च्या मूळ मॉडेलवर वरचं चकचकीत झाकण बाजूला सरकतं, आणि आत एक मोठा स्क्रू दिसतो, त्याच्या डोक्यावर कंट्रोलरवरच्याच चार खुणा. तो काढला की डिस्क चौकटीसकट बाहेर. पण इथे क्लोनचा उपयोग नाही, सिस्टिम नव्याने टाकायची. त्यासाठी पेन ड्राइव्हवर "पीएस 4" नावाचं फोल्डर, त्यात "अपडेट", आणि त्यात सुमारे 1 जीबीची पूर्ण सिस्टिमची फाइल. नेहमीच्या अपडेटची लहान फाइल चालत नाही, आणि पुष्कळजण इथेच अडकतात. मग पॉवरचं बटण सात सेकंद दाबून धरायचं, दुसरा बीप येईपर्यंत. कंट्रोलर वायरने जोडायचा आणि स्क्रीनवर येणाऱ्या यादीतला सातवा पर्याय निवडायचा.

दादाने त्यांनाही तेच विचारलं. "आत काय आहे?" धाकटा म्हणाला, "काही नाही, गेमच आहेत." थोरल्याच्या लक्षात आलं. "सेव्ह फाइली!" दोन वर्षांची खेळी. त्या पेन ड्राइव्हवर घ्यायला सांगून दादाने दोघांना घरी पाठवलं. डिस्क उद्या.

पीएस 5मध्ये आतलं स्टोरेज बदलायचं नसतं, शेजारच्या एम-डॉट-टूच्या जागेत जादा एसएसडी बसवायची असते. ती सोय 2021च्या सप्टेंबरमध्ये अपडेटने सुरू झाली. तिला हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारी धातूची पट्टी, मात्र हवाच.

(दृश्य : टेबलावर परत. बटण दाबणारं बोट बाईंचं.)

क्लोन झाला, एसएसडी बसली, कागदावरचे सगळे स्क्रू आपापल्या जागी गेले. दादा बटण स्वतः दाबत नाही. बाईंना सांगतो. पंधरा-वीस सेकंदांत पासवर्डची चौकट समोर. बाई काही बोलत नाहीत, थेट "मराठी निबंध" उघडतात आणि एक फाइल वाचायला लागतात. "माझा आवडता ऋतू". पुरती शेवटच्या ओळीपर्यंत.

दादा त्यांना खरं काय तेही सांगतो. रॅम, म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी, अजून 4 जीबीचीच आहे, ती पुढे वाढवू. विंडोज 10चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025ला थांबले आणि या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, तेव्हा बँकेचे व्यवहार यावर नकोत. लिहिणं, फोटो, व्हिडिओ, सगळं बिनधास्त.

राहिली जुनी डिस्क. बाई म्हणाल्या, "यातलं डिलीट करून भंगारात देऊ का?"

गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, उपाध्यांकडे नामावळीच्या वह्या असतात. आडनाव आणि गाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात, नेमकं पान उघडतात आणि तुमच्या पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. समजा कुणी गावांची अनुक्रमणिका फाडली, तर पणजोबांचं पान जातं का? ते असतंच, फक्त सापडत नाही. हार्ड डिस्कवर डिलीट म्हणजे एवढंच. पान कोरं होत नाही. दुसऱ्याने शोधलं तर त्याला मिळतं. म्हणून डिस्क देऊन टाकायची असेल तर आधी ती पूर्ण ओव्हरराइट करायची, म्हणजे प्रत्येक पानावर दुसरं काहीतरी लिहून टाकायचं. एसएसडीचं उलट आहे. तिथे डिलीट झालेली जागा मशीन स्वतःच साफ करून टाकतं, म्हणून चुकून उडवलेली फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी. नव्या डिस्कचा बॅकअप जुन्यापेक्षाही जास्त जरुरीचा आहे तो यामुळे.

दादाने जुनी डिस्क स्पंजात गुंडाळली, वर कागदी टेप लावली आणि पेनाने आजची तारीख लिहिली. "निदान दोन महिने घरी राहू द्या, मॅडम. काही राहून गेलं असेल तर यात सापडेल."

बाईंनी पेन मागून घेतलं. तारखेखाली, फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात लिहिलं : "पांडवलेणीची सहल यात आहे." मग डिस्क टॉवेलच्या घडीत ठेवली, आणि शालिमारच्या दिशेने निघाल्या.