पाटीवर नसलेलं घर

उत्तर लंडनमधलं हायगेट. दुतर्फा लाल विटांची जुनी घरं. क्रॉमवेल अव्हेन्यू, घर क्रमांक ६५. इथे आजही लोक राहतात, त्यामुळे आमचा कॅमेरा फाटकाबाहेरच थांबला.

भिंतीवरची ही निळी, गोल पाटी बघा. ग्रेटर लंडन कौन्सिलने १९८५ मध्ये लावलेली. विनायक दामोदर सावरकर, १८८३ ते १९६६, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ, इथे राहत होते. मजकूर एवढाच. ‘इंडिया हाउस’ हे घराचं नाव त्यात नाही. ज्यांनी पदरचे पैसे घालून हे घर चालवलं, त्यांचंही नाही.

त्यांना शोधत आम्ही कच्छमधल्या मांडवीला आलो.

(दृश्य: मांडवी, क्रांतितीर्थ)

घर तेच दिसतंय ना? तशाच विटा, तशाच खिडक्या. फक्त वर ऊन कच्छचं आहे. ही प्रतिकृती २०१० मध्ये उभी राहिली, कारण श्यामजी कृष्णवर्मा या गावचे. जन्म १८५७ चा. संस्कृतचे गाढे पंडित, ऑक्सफर्डला शिकले, तिथे शिकवलंही. बॅरिस्टर झाले, संस्थानांची दिवाणगिरी केली. हाती पैसा होता आणि तो कशासाठी खर्चायचा, हेही मनाशी पक्कं होतं. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी ‘इंडियन सोशियॉलॉजिस्ट’ हे मासिक काढलं, फेब्रुवारीत हिंदुस्थानासाठी स्वराज्य मागणारी होमरूल सोसायटी स्थापली आणि १ जुलैला हायगेटच्या या घराचं दार उघडलं. उद्घाटन केलं हेन्री हाइंडमन या इंग्रज समाजवाद्याने. दादाभाई नौरोजी समोर बसले होते. वसतिगृह म्हणायचं, सुमारे पंचवीस विद्यार्थ्यांचं. श्यामजींनी शिष्यवृत्त्याही ठेवल्या. अट एकच: शिकून झाल्यावर इंग्रज सरकारची नोकरी धरायची नाही.

अशीच एक शिष्यवृत्ती, शिवाजी महाराजांच्या नावाची, टिळकांच्या शिफारशीने सावरकरांना मिळाली. १९०६ मध्ये ते इथे आले आणि त्यांच्यासोबत ‘अभिनव भारत’ ही नाशिकची गुप्त क्रांतिकारी संघटनाही या घरात आली. पुढच्या वर्षी श्यामजी पॅरिसला गेले, तेव्हा घराची सूत्रं तेवीस-चोवीस वर्षांच्या या तरुणाकडे आली.

बाहेरून पाहणाऱ्याला वसतिगृहच दिसायचं. रविवारी सभा, भाषणं, वाद. स्कॉटलंड यार्डचे गुप्तहेर घरावर डोळा ठेवून असत. खरं काम दाराआड चालायचं.

(दृश्य: कागद, जवळून)

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट. इंजिनिअरिंग शिकायला विलायतेला आलेले. ते पॅरिसला गेले. बंगालचे हेमचंद्र दासही तिथे होते. रशियन क्रांतिकारकांकडून या मंडळींनी बॉम्ब बनवण्याची विद्या मिळवली. त्या माहितीचं इंग्रजीत पुस्तक तयार झालं आणि त्याच्या प्रती सायक्लोस्टाइलवर निघाल्या. मेणकागदावर टाइप करायचं, शाईचा रूळ फिरवायचा, एकेक पान सोडवून वाळत ठेवायचं. अशा एका प्रतीत दाट टाइप केलेली साठ पानं होती आणि पंचेचाळीस आकृत्या. ती मार्च १९०९ मध्ये नाशिकला सावरकरांचे थोरले भाऊ बाबाराव यांच्या घरझडतीत सापडली. त्याच पुस्तकाची प्रत त्याआधी कलकत्त्याच्या माणिकतळ्याच्या बागेत, बंगाली क्रांतिकारकांच्या अड्ड्यावर, मिळाली होती. एकच मजकूर हजारो मैलांवरच्या दोन टोकांना पोहोचला होता. टपाल, पोलीस, कस्टम्स, सगळं इंग्रजांच्या हातात असताना!

(दृश्य: जुनी ट्रंक)

आणि ही दुसरी वाट. १९०९ च्या सुरुवातीला पॅरिसमधून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं मिळाली. ती न्यायची कशी? इंडिया हाउसचे स्वयंपाकी चतुर्भुज अमीन हिंदुस्थानात परत निघाले होते. त्यांच्या पेटीला चोरतळ होता. पिस्तुलं त्या तळात आणि वर रोजचं सामान. बोट मुंबईला लागली, पेटी उतरली.

त्यानंतरचं सगळं भराभर घडलं. जूनमध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची. १ जुलैला, या घराच्या उद्घाटनाला बरोबर चार वर्षं होताना, इंडिया हाउसमध्ये ये-जा असलेल्या मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये इंग्रज अधिकारी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या आणि १७ ऑगस्टला ते फासावर गेले. २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात त्या विसांपैकी एक पिस्तूल कलेक्टर जॅक्सनवर चाललं. कान्हेरे, कर्वे, देशपांडे या तिघांना ठाण्याला फाशी झाली. हायगेटचं घर तोवर रिकामं झालं होतं.

(दृश्य: मांडवी, अस्थिकलश)

श्यामजी मायदेशी परतले नाहीत. १९३० मध्ये जिनिव्हात वारले. अस्थी जपून ठेवाव्यात, देश स्वतंत्र झाला की तिकडे न्याव्यात, ही सोय ते करून गेले होते. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला. अस्थी आल्या २००३ मध्ये.

(दृश्य: हायगेट, संध्याकाळ)

पुन्हा ६५ क्रमांकाचं घर. आतला दिवा लागलाय. निळ्या पाटीच्या बाजूला भिंत मोकळी आहे. श्यामजी कृष्णवर्मांचं नाव आणि या घराचं नाव त्या भिंतीवर लागावं, एवढ्यासाठी आम्ही इथवर आलो.