पंच काय बोलतात ते ऐकू द्या

नमस्कार श्रोतेहो.

आजचं बोलणं फुटबॉलचं आहे, आणि त्याच्या आडून ब्रिटनच्या राजकारणाचंही. मी लिव्हरपूल संघाचा पाठीराखा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते तुम्हाला शोधत बसायला नको.

तारीख 30 सप्टेंबर 2023. लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबच्या मैदानावर त्यांच्याशी लिव्हरपूलचा सामना चालू आहे, अजून गोल झालेला नाही, आणि लिव्हरपूलचा एक खेळाडू आधीच लाल कार्ड घेऊन बाहेर गेलाय. अशात लुईस डियाझ चेंडू जाळ्यात मारतो. लाइन्समनचा झेंडा वर. ऑफसाइड, म्हणजे खेळाडू नियमाने चालतं त्यापेक्षा पुढे उभा होता, गोल रद्द. इथपर्यंत रोजचंच. आता हा निर्णय तपासणारा माणूस मैदानावर नसतोच. तो बसतो हीथ्रो विमानतळाजवळच्या स्टॉकली पार्क नावाच्या कचेऱ्यांच्या वसाहतीत, पडद्यांनी भरलेल्या एका खोलीत. त्याने पाहिलं, डियाझ ऑफसाइड नव्हता, स्वच्छ दिसत होतं. पण या गृहस्थांची समजूत अशी झाली होती की मैदानावर गोल दिलेलाच आहे! म्हणून त्यांनी कळवलं की तपासणी झाली, निर्णय बरोबर. मैदानावरच्या पंचाने त्याचा अर्थ घेतला, ऑफसाइड बरोबर. फ्री किक दिली, खेळ सुरू. काही सेकंदांत खोलीतल्या रिप्ले चालवणाऱ्या माणसाच्या ध्यानात घोटाळा आला, त्याने तो बोलूनही दाखवला. पण खेळ पुन्हा सुरू झाला की मागे फिरता येत नाही, असा नियम. गोल गेला. लिव्हरपूल शेवटी 2-1 हरलं, तेही जादा वेळेत, आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेलेल्या चेंडूमुळे.

तीन दिवसांनी पंचांच्या संस्थेने त्या खोलीतला आवाज प्रसिद्ध केला. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. कॅमेरा बरोबर होता, डोळे बरोबर होते. बिघडलं ते बोलणं. पाच-सहा माणसं घाईघाईत अर्धवट वाक्यं बोलतात आणि ‘कुठला निर्णय?’ हा साधा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणजे व्हिडिओ पंचगिरीवर राग काढायचा तर तो यंत्रावर काढून उपयोग नाही. माझा राग त्या खोलीच्या बंद दारावर आहे.

तुम्ही क्रिकेट पाहणारे, तुम्हाला हे चटकन पटेल. नोव्हेंबर 1992 मध्ये डर्बनला तिसऱ्या पंचाने जगात पहिल्यांदा कुणाला बाद दिलं असेल तर आपल्या सचिनला. तेव्हापासून आपण या प्रकाराला सरावलो. आज तिसरा पंच काय म्हणतोय ते घरबसल्या ऐकू येतं: अल्ट्राएज दाखवा, आता बॉल ट्रॅकिंग दाखवा. निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी कसा गेला ते कळतं. शिव्या घालायच्या तर नेमक्या कुठे घालायच्या तेही कळतं. रग्बीतसुद्धा पंचाचा आवाज प्रेक्षकांना ऐकू जातो. फुटबॉलने मात्र 2019 साली प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, व्हिडिओ पंच आणला तेव्हा ठरवलं की प्रेक्षकाला काही ऐकायची गरज नाही. तेव्हा लिव्हरपूलच्या अनफील्ड आणि मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानांवर तर मोठा पडदासुद्धा नव्हता. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला सगळं दिसतंय आणि तिकिटाचे पैसे मोजून थंडीत कुडकुडणारा शेजाऱ्याला विचारतोय, काय तपासतायत हो? मग स्टँडमधून गाणं सुरू होतं, हा आता फुटबॉल राहिला नाही. बाकीचे शब्द रेडिओवर सांगण्यासारखे नाहीत.

जून 2024 मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन ऊर्फ वुल्व्ह्ज या क्लबने व्हिडिओ पंच बंदच करा असा ठराव आणला. लीगच्या क्लबांचं मतदान झालं, ठरावाच्या विरोधात 19, बाजूने 1. एकटे वुल्व्ह्ज. मला मत असतं तर मीही त्या 19 मध्येच गेलो असतो. कारण 2010 च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू गोलरेषेच्या चांगला आत पडलेला साऱ्या जगाने पाहिला, फक्त पंचांनी पाहिला नाही. त्या काळात परत जायचं नाही. गोलरेषेचं तंत्र 2013 पासून आहे, एप्रिल 2025 पासून ऑफसाइडच्या रेषाही बऱ्याच अंशी संगणकच काढतो. हे सगळं राहू द्या. फक्त दार उघडा.

आता राजकारण. तुम्ही म्हणाल, ओढूनताणून आणलं. लिव्हरपूलच्या माणसाला ते ओढावं लागत नाही.

15 एप्रिल 1989, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी. लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या गर्दीत चेंगरून माणसं मेली. आज तो आकडा 97 आहे, शेवटचा माणूस 32 वर्षं त्या दुखापतींसह जगून 2021 मध्ये गेला. बाहेरची कोंडी फोडायला एक मोठं फाटक पोलिसांच्याच हुकुमाने उघडलं गेलं होतं. त्याच दुपारी तिथल्या प्रमुख पोलिस अधिकाऱ्याने सांगितलं की चाहत्यांनीच फाटक जबरदस्तीने उघडलं. चार दिवसांनी ‘द सन’ या दैनिकाने पहिल्या पानावर चाहत्यांवर घाणेरडे आरोप केले. लिव्हरपूलमध्ये आजही पुष्कळ लोक तो पेपर घरात येऊ देत नाहीत.

मार्गारेट थॅचर यांचं सरकार त्या वर्षी फुटबॉलच्या प्रेक्षकांना ओळखपत्र सक्तीचं करायच्या खटपटीत होतं. चाहता म्हणजे हुल्लडबाज हे आधीच ठरलेलं. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने चूक पोलिसांच्या नियंत्रणाची होती असं स्पष्ट म्हटलं, ओळखपत्रांची कल्पनाही त्यांच्या अहवालानंतर बारगळली, पण खोटं काही मेलं नाही. 2012 साली लिव्हरपूलच्या बिशपांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने कागद उघडले तेव्हा कळलं की पोलिसांचे 164 जबाब बदललेले होते आणि त्यांतल्या 116 जबाबांमधून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढून टाकला होता. 2016 मध्ये ज्युरीने सांगितलं की या माणसांचे बळी बेकायदेशीरपणे गेले. सत्तावीस वर्षं! स्टॉकली पार्कच्या खोलीतला आवाज तीन दिवसांत बाहेर आला होता. एका गोलाची आणि 97 जिवांची बरोबरी मी करत नाहीये, कुणी करूही नये. खोली बंद ठेवायची सवय मात्र तीच आहे, आणि ती या देशात वरपासून खालपर्यंत मुरलेली आहे.

माणूस बदलला की काम झालं, हा या देशातल्या सत्तेचा दुसरा आवडता उपाय. फुटबॉलने राजकारणाकडून घेतला की उलट, देव जाणे. 1974 मध्ये ब्रायन क्लफ लीड्स युनायटेडचे मॅनेजर म्हणून 44 दिवस टिकले. 2022 मध्ये लिझ ट्रस पंतप्रधान म्हणून 49 दिवस. क्लफ निदान नंतर नॉटिंगहॅम फॉरेस्टला जाऊन दोनदा युरोपियन कप जिंकले.

आणि राजकारण्यांचं फुटबॉलप्रेम! तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून स्वतःला ॲस्टन व्हिलाचे चाहते म्हणवायचे. एप्रिल 2015 मध्ये भाषणाच्या ओघात लोकांना म्हणाले, वेस्ट हॅमला पाठिंबा द्या. दोन्ही संघांची जर्सी साधारण एकाच रंगाची, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. 2024 मध्ये पंतप्रधान झालेले लेबर पक्षाचे कीर स्टार्मर यांचं आर्सेनल क्लबवरचं प्रेम खरं आहे, ते मी मान्य करतो. पण सुरक्षेचं कारण सांगून ते स्टँडमधून क्लबच्या आलिशान कक्षात गेले आणि मग त्या कक्षाचे पैसे कोण देतं यावर महिनाभर चर्चा रंगली.

एप्रिल 2021 मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी एका रविवारी रात्री सुपर लीग नावाची आपली वेगळी स्पर्धा जाहीर केली. त्यांत सहा इंग्लिश, आणि सांगायला लाज वाटते, माझा क्लबही. चाहते रस्त्यावर आले, तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी वारा ओळखून कायद्याची धमकी दिली, मंगळवारी रात्रीपर्यंत सहाही क्लब बाहेर. त्यातून फुटबॉलचा कारभार तपासणारी, खासदार ट्रेसी क्राउच यांची समिती, त्यातून पुढे 2025 चा कायदा आणि फुटबॉलवर एक स्वतंत्र नियामक. चांगली गोष्ट. पण या नियामकाच्या अध्यक्षपदी आलेल्या डेव्हिड कोगन यांनी सत्ताधारी लेबर पक्षाला देणग्या दिलेल्या होत्या. त्यांची निवड ज्या खात्याने केली त्याच्या मंत्री लिसा नँडी, आणि नँडी यांच्या 2020 च्या पक्षांतर्गत निवडणुकीलाही कोगन यांनी पैसे दिले होते. म्हणजे पंचांवरचा पंच नेमतानासुद्धा आधी सगळं टेबलावर मांडावं, हे कुणाला सुचू नये? कोगन कामाला लायक असतीलही. मला आधी सांगा, मग मी ठरवतो.

आता मला खरंच महत्त्वाचं वाटतं ते. हिल्सबरोच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं मागितलेला एक कायदा आहे, त्याला सगळे हिल्सबरो कायदाच म्हणतात. 2024 च्या लेबर अधिवेशनात, लिव्हरपूल शहरातच, स्टार्मर यांनी शब्द दिला की पुढच्या स्मृतिदिनापर्यंत विधेयक येईल. 15 एप्रिल 2025 उजाडला, विधेयक आलं नाही. आलं ते सप्टेंबरात. त्यात सरकारी अधिकाऱ्यांवर चौकशीत खरं सांगण्याची कायदेशीर सक्ती आहे आणि लोकांची गंभीर दिशाभूल केली तर तुरुंगाची शिक्षा आहे. बातम्यांत गाजतं ते हे तुरुंगाचं कलम.

मला मात्र दुसरं कलम अधिक मोलाचं वाटतं. अशा मृत्यूंची चौकशी होते तेव्हा पोलिसांचे नामांकित वकील सरकारी तिजोरीतून उभे राहतात, आणि ज्यांचं माणूस गेलं ते घरचे वर्गणी काढतात, कर्ज काढतात, नाहीतर वकिलाशिवाय बसतात. या विधेयकात त्या कुटुंबांच्या वकिलाचाही खर्च सरकारने द्यायचा आहे. स्टार्मर यांच्या सरकारवर माझा फारसा लोभ नाही. पण हे कलम कुठलीही काटछाट न होता कायद्यात उतरलं, तर पुढच्या निवडणुकीत मी त्यांच्या उमेदवाराला दारातून परत पाठवण्याआधी निदान त्याचं ऐकून घेईन.

नमस्कार.