तारेवरचं बिल आणि क्लाउडमधलं बिल

नमस्कार मंडळी. छोट्या व्यवसायाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउड स्टोरेजला, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीच्या जागेला, कसं जोडायचं, असा आजचा विषय पत्रिकेत छापलाय. त्यावर येतेच. पण सुरुवात आपल्या नाशिकच्या भांडी बाजारातून करते, कारण मी तिथे वाढले आणि हिशेब तिथेच शिकले.

आमच्या अण्णांचं तांब्या-पितळेचं दुकान. गल्ल्याच्या डाव्या हाताला लाकडी ठोकळ्यावर उभी केलेली एक लोखंडी तार असायची. इथल्या जुन्या मंडळींनी ती पाहिली असणारच. खरेदीचं बिल आलं की अण्णा आधी ते रोजकीर्दीत लिहायचे, तिथे बिलाचा नंबर टाकायचे. मग बिलाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने 'रो. 43' असा पान नंबर लिहायचे. त्यानंतरच बिल तारेत खोवलं जायचं. बोट शाईने लाल व्हायचं ते ठोकळ्याला पुसायचे, त्यामुळे ठोकळाही लाल झाला होता. सांगायचं काय, वहीवरून बिल सापडायचं आणि बिलावरून वही सापडायची. गेली 26 वर्षं मी दुकानदारांचे, कारखानदारांचे हिशेब लिहिते. नोंद आणि पुरावा एकमेकांना बांधण्याची याहून चांगली रीत मला दिसलेली नाही. आज आपण जे जोडणार आहोत, ते हेच आहे.

दुकानात कॉम्प्युटर आला आणि ही गाठ सुटली. नोंद टॅली नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली, बिल कॅरीबॅगेत गेलं. दोघांची ताटातूट झाली. मला आयुष्यात ज्या गोष्टीची खरी चीड येते ती ही आहे. एखाद्या दुकानात गेले आणि मालकाने 'ताई, बिलं आहेत ना सगळी' म्हणत काउंटरखालून पिशवी ओढली, की पुढचे तीन दिवस मला दिसायला लागतात.

आता 2016 चा पूर. 2 ऑगस्ट. आपण नाशिककर पुराचं माप गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर घेतो, कमरेला लागलं, छातीला लागलं. त्या दिवशी पाणी वर वर चढत गेलं आणि सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरलं. दुकान तेव्हा दादा बघायचा. त्याने आणि दोन गड्यांनी काय केलं? पितळेचे हंडे, घंगाळी, समया माळ्यावर चढवल्या. हसताय, पण तुमच्यापैकी प्रत्येकाने हेच केलं असतं. पाणी आलं की माल उचलायचा, हे हातात भिनलेलं असतं. पितळेला पाण्याने काय होणार होतं? सीपीयू मात्र काउंटरखाली जमिनीवर होता. बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच काउंटरच्या खणात. बिलांची पिशवी खणाच्या खाली. तिन्ही एकाच हातभर जागेत.

पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा खण फुगून अडकला होता, पटाशीने उघडावा लागला. बिलं गाळात चिकटून त्यांची वीट झाली होती. ती एकेक सोडवून गच्चीत दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातली. त्या दिवशी मला कागदाबद्दल जे कळलं ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. बॉलपेनने लिहिलेलं वाचता येत होतं. कार्बन कॉपी तर बऱ्यापैकी शाबूत. पण इंकजेट प्रिंटरवरची बिलं जांभळी होऊन वाहून गेली होती, नुसता डाग. हार्ड डिस्क दुरुस्तीला दिली, काही निघालं नाही. मार्चअखेरचा डेटा माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होता, कारण वर्षाचं काम मी केलं होतं. म्हणजे एप्रिल ते जुलै, चार महिने, कोरे. मग दादा आणि मी पार्ट्यांच्या, म्हणजे माल देणाऱ्यांच्या, दारात. जुन्या ओळखीच्या लोकांनी डुप्लिकेट बिलं काढून दिली, चहाही पाजला. तरी 37 बिलं मिळाली नाहीत. तेव्हा व्हॅट होता, बिलाशिवाय सेटऑफ, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मागता येत नव्हता. तो सोडून दिला. अण्णा तेव्हा ऐंशीच्या घरात. ते काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, 'तार कुठे गेली?' तार गाळात सापडली. ती आता माझ्या टेबलावर असते.

जीएसटीत हे ओझं वाढलंय. कलम 16 प्रमाणे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, घ्यायला बिल तुमच्या ताब्यात असावं लागतं, पोर्टलवरच्या 2बी या खरेदीच्या यादीत दिसलं एवढ्याने भागत नाही. आणि कलम 36 सांगतं की वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने कागद जपायचे. म्हणजे 2024-25 ची बिलं डिसेंबर 2031 पर्यंत. पेट्रोल पंपाची, कुरिअरची थर्मल कागदावरची पावती एवढी टिकत नाही. खिशातून काढून उन्हात ठेवा, काही दिवसांत पांढरी.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. तर आता कामाचं भराभर सांगते, लिहून घ्या.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं. टॅली तुमच्या कॉम्प्युटरवर चालत असेल तर तिचा चालू डेटा फोल्डर गूगल ड्राइव्हच्या किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक होणाऱ्या, म्हणजे आपोआप क्लाउडवर उतरणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवू नका. कंपनीचा डेटा पुष्कळ फायलींत मिळून असतो. एक व्हाउचर, म्हणजे एक नोंद, टाकलं की त्यातल्या अनेक एकदम बदलतात. सिंक त्या एकेक करून वर नेतं. मधेच नेट गेलं, किंवा घरच्या कॉम्प्युटरवरही तीच कंपनी उघडली, की अर्ध्या फायली नव्या, अर्ध्या जुन्या. डेटा खराब होतो. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या तर तशाच वर जातात. म्हणून टॅलीप्राइममध्ये, म्हणजे टॅलीच्या नव्या आवृत्तीत, ऑल्ट-वाय दाबून रोज रात्री बॅकअप घ्या आणि ती बॅकअप तेवढी ड्राइव्हवर टाका, तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. कालच्यावर आजची चढवू नका.

दुसरं, बिलं. ड्राइव्हच्या मोबाइल ॲपमध्येच स्कॅन आहे, पीडीएफ होते. बिल आलं की लगेच. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग पार्टी, मग टॅलीचा व्हाउचर नंबर. पार्टीचा बिल नंबर टॅलीत सप्लायर इन्व्हॉइस नंबरच्या रकान्यात. ही अण्णांची लाल शाई.

तिसरं, झोहो बुक्ससारखं ऑनलाइन सॉफ्टवेअर असेल तर काम सोपं, नोंदीलाच बिल जोडता येतं, ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स जोडूनही घेता येतं. जोडताना परवानगीचं पान येतं. तिथे लॉगिन दुकानाच्या ईमेलने करा. सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंटंट मुलाच्या स्वतःच्या जीमेलवर तीन वर्षांची बिलं होती. मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला, वाईट नव्हता, पण खातं त्याचं. आणि ऑनलाइन आहे म्हणून कायम राहील असं धरू नका. क्विकबुक्स या अशाच ऑनलाइन सॉफ्टवेअरची भारतातली सेवा 2023 मध्ये बंद झाली. दर तिमाहीला सगळं डाउनलोड करून घ्या.

गूगलची फुकट जागा 15 जीबी, त्यात जीमेल आणि फोटोही आले. भरली की मेल येणंही थांबतं, म्हणून लग्नाचे व्हिडिओ त्या खात्यात नकोत. पुसलेली फाइल ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते, मग गेली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या आहेत, त्यांना इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं कंपनीच्या नियमांनी बंधनकारक आहे. सीएंना सर्व्हर कुठे आहे ते विचारायला सांगा.

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करा आणि ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, जुळवा.

दुसरी चिठ्ठी आली. एकच राहिलं. खात्याला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवर कोड मागणारं दुसरं कुलूप, लावाल, तेव्हा त्याला मोबाइल नंबर दुकानाचा द्या, आणि त्या सिमचा रिचार्ज कोण करतं ते आज घरी जाऊन विचारा.