अमेरिकेतल्या आनंदीबाई

(न्यू जर्सीतील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी,

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यावरची श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी 1968 साली आली. इथल्या बऱ्याच जणांनी ती वाचली असेल, निदान चित्रपट तरी पाहिला असेल. पण चर्चा निघाली की गाडी त्यांच्या नवऱ्यावर, गोपाळरावांवरच अडते. त्यांचा हट्ट, विक्षिप्तपणा, बायकोला शिकवायचा ध्यास. मला आज बोलायचंय ते एप्रिल 1883 नंतरच्या आनंदीबाईंबद्दल. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलेलं, आणि आता अठराव्या वर्षी घरचं कुणीही सोबत नसताना कलकत्त्याहून बोटीत बसलेल्या आनंदीबाई.

त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि आपल्या शेजारच्याच रोझेल गावी कार्पेंटरबाईंकडे राहिल्या. कार्पेंटरबाईंना आनंदीबाई मावशी मानत. मग फिलाडेल्फियाचं स्त्रियांचं वैद्यकीय कॉलेज. तिथल्या थंडीत नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. इथला पहिला हिवाळा ज्यांनी काढलाय त्यांना यातलं सगळं कळेल!

पण मला सगळ्यांत मोठी वाटते ती त्यांनी इथून नवऱ्याला पाठवलेल्या एका पत्रातली भाषा. दहाव्या वर्षी लाकडाने मारलंत, बाराव्या वर्षी अंगावर पुस्तकं-खुर्च्या फेकल्यात, चौदाव्या वर्षी सोडून जायची धमकी दिलीत, हे त्या सरळ लिहितात. आणि तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट, तर दोन्ही, असंही सांगतात. ही तक्रार नव्हे, हा हिशेब आहे. कल्याणच्या किंवा कलकत्त्याच्या घरात, समोर बसून, त्यांना हे बोलता आलं असतं असं मला वाटत नाही. मध्ये समुद्र होता म्हणून ते कागदावर उतरलं. गोपाळरावांचे उपकार त्या विसरल्या नाहीत, पण मारही विसरल्या नाहीत. आपण मात्र त्यांच्या वतीने मार विसरून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं.

11 मार्च 1886 रोजी त्यांना एम.डी. मिळाली. तो समारंभ पाहायला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. पुढच्या वर्षी 26 फेब्रुवारीला पुण्यात क्षयाने आनंदीबाई गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा इथेच, न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे.

आपल्या वाचक गटाने या वर्षी कादंबरीसोबत त्यांची पत्रंही वाचायला घ्यावीत, अशी माझी विनंती आहे. आणि सुरुवात त्या एका पत्रापासून करावी.