गल्लीतला निंब उतरवताना

(दृश्य: धुळ्याची जुनी गल्ली, पहाट. दोन्ही बाजूंना घरं, वर आभाळाची चिंचोळी पट्टी. तिला झाकून टाकणारा निंबाचा शेंडा.)

मे महिना, सकाळचे सहा. भिंतीला हात लावला तर कालचं ऊन अजून हाताला लागतं. ओट्यावरच्या बाजा नुकत्याच उचलल्यात. गल्लीच्या तोंडाशी चार माणसं दोरांची वेटोळी खांद्यावर टाकून उभी आहेत. त्यांची गाडी आग्रा रोडलाच थांबली, कारण इथं हातगाडी जेमतेम वळते. हायड्रा क्रेन नाही, जेसीबी नाही. जे काय व्हायचं ते दोर, करवत आणि हातांनी.

कॅप्टन जॉन ब्रिग्जने 1819 साली खानदेशाचं ठाणं धुळ्याला केलं आणि जुन्या गावाला लागून नवी वस्ती आखली. धुळेकर आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. पुढे घरं वाढली, भावाभावांत वाटण्या झाल्या, एका वाड्याची तीन घरं झाली. अंगणं आकसत गेली. निंब आपल्या जागी वाढत राहिला.

या निंबाचा घेर 9 फूट आहे. उंची तिमजली घराच्याही वर. एका अंगाला घराचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांचं पत्र्याचं शेड, मागच्या भिंतीला लागून विजेच्या तारा. मोकळी जागा म्हणाल तर 12 बाय 14 फुटांचं अंगण. एवढं झाड आडवं पडायला जी जागा लागेल ती या अख्ख्या गल्लीत नाही. म्हणून ही माणसं झाड पाडायचं असं म्हणतच नाहीत. उतरवायचं म्हणतात. वरून खाली, तुकड्यातुकड्याने, प्रत्येक तुकडा दोरावर.

(दृश्य: अंगणात आजी. हात खोडावर.)

"हाऊ निंब मन्ही सासूनी लायेल शे," आजी सांगतात. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा तो पोटरीएवढा जाड होता. आज आजीच्या नातवाला त्याला कवेत घेता येत नाही.

मग हा का उतरवायचा? हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. कारण बरीच झाडं भीतीपोटी जातात. पानं पडतात, पक्षी घाण करतात, वावधन आलं की फांद्या करकरतात, एवढ्यावरही लोक कुऱ्हाड लावतात.

निंबाच्या बुंध्याला, जमिनीपासून हातभर उंचीवर, ढोली आहे. पण झाड पोकळ आहे म्हणजे ते पडणारच, असं नसतं. सायकलची नळी पोकळच असते आणि दोन माणसांचं वजन पेलते. प्रश्न नळीच्या जाडीचा असतो. क्लाउस मॅटेक या जर्मन अभ्यासकाने मोडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या पोकळ झाडांची मापं घेऊन एक ढोबळ हिशेब मांडला: भोवतालचं धड लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश असेल, तर झाड बहुधा टिकतं. आपल्या निंबाची त्रिज्या 17 इंच. म्हणजे 5 ते 6 इंच धड लाकूड हवं.

मिस्तरींनी आधी कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्यामागच्या बोथट भागाने, बुंधा चारी बाजूंनी ठोकला. पूर्वेला आवाज भरीव आला. शेडच्या बाजूला डबा वाजावा तसा. मग बारीक पात्याचं ड्रिल लावलं. सुरुवातीला लालसर, कोरडा भुसा येत होता. 3 इंचांवर ड्रिल सुळकन आत गेलं आणि मागे आला तो काळपट, ओलसर चुरा. तो मी चिमटीत घेऊन चोळला. त्यात लाकडाचा धागा राहिलेला नव्हता, ओल्या चहापत्तीसारखा लागत होता. आणि झाडाचा झुकाव नेमका त्याच बाजूला आहे. शेडखाली शेजाऱ्यांची चूल आहे, दोन लहान मुलं तिथंच झोपतात.

निंबाला हे असं आपोआप झालेलं नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी भिंतीलगत गटार खणताना त्या बाजूची मुळं तोडली गेली. पुढे अंगणात थेट बुंध्यापर्यंत काँक्रीट आलं. मुळांना हवा मिळेना आणि तुटलेल्या मुळांच्या जखमांवर पाणी साचायला लागलं. मग एका पावसाळ्यात बुंध्याशी तपकिरी, कडक, पॉलिश मारल्यासारखी चकचकीत आळंबी उगवली. आजींच्या मुलाने ती कुदळीने काढून टाकली. वर दिसते ती आळंबी काढली म्हणून आतली बुरशी जात नाही. ती तोवर लाकडात पसरलेली असते.

राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं 1 मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या गल्ल्यांमध्ये हातभर माती मोकळी ठेवणंही जड जातं. ही ढोली पाहिली की त्या हातभर मातीची किंमत कळते.

(दृश्य: खोडावर नोटिशीच्या कागदाचा चिकटलेला कोपरा.)

शहरातलं झाड आपल्या अंगणात असलं तरी परस्पर तोडता येत नाही. राज्यात झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा आहे. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, तो पाहणी करतो, झाडावर नोटीस लागते, लोकांना हरकत घेता येते. जीविताला किंवा मालमत्तेला धोका असलेल्या झाडाची परवानगी नाकारू नये, असंही तोच कायदा सांगतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची तरतूद आली. आजींच्या घरच्यांनी अर्ज केला होता. नोटिशीचा कोपरा अजून खोडाला चिकटून आहे.

(दृश्य: लाइनमन खांबावर. सर्व्हिस वायर सुटते.)

आधी वीज. लाइनमनने लाइन बंद केली, सर्व्हिस वायर सोडवली, आणि "चालू द्या" म्हणेपर्यंत कुणी झाडाला हात लावला नाही. ओली फांदी तारेला टेकली तर करंट फांदीतून माणसापर्यंत पोचतो. ओल्या दोरातूनही.

मग ताणाचे दोर. बुंधा पोकळ, म्हणजे वरून धक्का बसला तर खोड मधूनच जाऊ शकतं. म्हणून झुकावाच्या उलट बाजूला दोन दोर ताणून बांधले, एक गल्लीच्या टोकाच्या पिंपळाला, दुसरा देवळामागच्या उंबराला. विजेच्या खांबाला दोर बांधायचा नाही, भिंतीलाही नाही. धाब्याच्या घराची मातीची भिंत असल्या ताणाने सरळ आडवी होईल.

आता पोरगा वर चढतो. त्याच्या कमरेला दोन दोर आहेत. एक त्याचा स्वतःचा, एक लाकडाचा. हे दोन दोर कधीच एक होऊ द्यायचे नाहीत, कारण लाकूड गेलं तर माणूस सोबत जाता कामा नये.

लाकडाचा दोर वरच्या भक्कम बेचक्यातल्या कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याला, ढोलीच्या वर, तीन वेढे घेतो. त्याचं टोक आहे दोरवाल्या काकांच्या हातात. पन्नाशीचा, काटक माणूस. बघणाऱ्यांचं लक्ष सगळं वर चढलेल्या पोराकडे असतं. मी सबंध सकाळ काकांच्या हातांकडे बघत होतो.

हिशेब असा आहे. ओलं लाकूड जवळपास पाण्याइतकं जड असतं. दीड फूट जाडीचा आणि 3 फूट लांबीचा ओंडका म्हणजे दीडशे किलोच्या घरात. तो नुसता टांगलेला असला तर दीडशे किलो. हातभर खाली येऊन दोराला गचका बसला, तर तोच दोर, कप्पी आणि खोड यांच्यावर त्याच्या कितीतरी पट भार पडतो. काका म्हणूनच दोर एकदम आवळत नाहीत. ओंडका सुटला की दोर थोडा वाहू देतात, मग हळूहळू वेढे घट्ट करत त्याला थांबवतात. बुंध्यावरच्या प्रत्येक वेढ्यागणिक हातावरचा भार झपाट्याने कमी होतो. एक माणूस दीडशे किलो धरतो तो वेढ्यांच्या जोरावर. एक वेढा जास्त झाला तर दोर सरकत नाही, गचका बसतो. एक कमी झाला तर हात सोलून निघतात.

"सोड... सोड... थांब." मिस्तरींचा आवाज फक्त एवढंच बोलतो. बाकी कुणी बोलायचं नाही, हा नियम आहे. बघ्यांनीही नाही.

आधी झुकावाच्या बाजूच्या फांद्या, म्हणजे भार हलका होतो. प्रत्येक फांदीला बुडाशी एक आणि शेंड्याशी एक असा दोर, नाहीतर कापलेली फांदी झोके घेत शेडवर आदळेल. काप आधी खालून, फांदीच्या जाडीच्या पाव भागापर्यंत. मग वरून, थोडं पुढे सरकून. हा खालचा काप चुकवला की फांदी आपल्या वजनाने फाटते आणि साल खोडापर्यंत सोलत नेते.

हे मी पाहिलेलं आहे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतला गुलमोहर एका माणसाने "लाकूड मला, तोडणी फुकट" अशा बोलीवर घेतला होता. झाडं अशीच जातात, आणि ही बोली सगळ्यांत महाग पडते, कारण लाकूड ज्याचं त्याला घाई असते. दोर नव्हता. एकच काप, वरून. फांदी फाटली आणि स्वयंपाकघराच्या पत्र्यावर गेली. भाकरी टाकत बसलेली काकू त्याच क्षणी पाण्याचा तांब्या आणायला उठली होती. चूल फुटली, तवा चेपला. तो चेपलेला तवा त्यांनी कित्येक वर्षं फेकला नाही.

(दृश्य: वर. पोरगा एका आडव्या फांदीवर वाकून काहीतरी पाहतोय.)

"मिस्तरी, आठे काच पडेल शे!"

अंगणावर आडवी गेलेली, मांडीएवढी जाड फांदी. तिच्यावर दोन ठिकाणी, हातभर अंतराने, बोट जाईल एवढी खोल खाच आहे. साल दोन्ही बाजूंनी फुगून तिच्यावर आलेली. कुऱ्हाडीचा घाव असा नसतो. हा काच, म्हणजे दोर घासून पडलेली खाच, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याची खूण आहे. खानदेशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. या फांदीवर दर आखाजीला त्याच दोन जागी दोर पडला. आजी खालूनच सांगतात, "तठेच बांधूत." यंदा आखाजीला झोका बांधला नाही.

मिस्तरी वर बघून क्षणभर थांबतात. मग पोराला सांगतात, काचावर दोर घेऊ नको, अलीकडे एक घे, पलीकडे एक. काच पडलेल्या जागी लाकूड आतून कमजोर असतं, भार आला की तिथूनच तुटतं. फांदी दोन दोरांवर आडवी, अगदी झोपाळा यावा तशी, खाली आली. अंगणात टेकताना आवाजसुद्धा झाला नाही. आजींनी त्या खाचेवरून हात फिरवला आणि तेवढा तुकडा बाजूला ठेवायला सांगितला. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

अकरा वाजता काम थांबलं. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात पारा 43-44 वर जातो. अशा उन्हात वर बसलेल्या माणसाला चक्कर आली तर दोरही कामाचा नाही. चार वाजता पुन्हा चढाई.

आता फक्त खोड. इथं चेन लागते, म्हणजे मशीनची साखळी-करवत. फांद्यांना पोरगा हातकरवतच वापरत होता, कारण मशीनच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. वर, एका हाताने फांदी धरून मशीन चालवणं हा या धंद्यातला सगळ्यांत वाईट नाद. पोरगा दोन्ही हातांनी धरतो, पट्ट्याने खोडाला बांधलेला, डोक्याला हेल्मेट. 3 फुटांचा ओंडका, मग 2 फुटांचा. ढोली जवळ आली तसे ते तुकडे लहान करत गेले. शेवटचे दोन तर हातानेच उचलून दिले. इतका हळू हात मी घाईच्या दिवसात फार कमी पाहिलाय.

साडेसहाला बुंधा गुडघ्याएवढा उरला. ढोली आता वरून दिसते, आत काळा चुरा आणि वाळवीची माती. शेजाऱ्यांचा पत्रा जसाच्या तसा आहे.  काँक्रीटचा बुंध्याभोवतीचा गोल फोडून माती मोकळी करायची, असं आजींच्या मुलाने आपणहून ठरवलंय. तिथं काय लावायचं यावर घरात अजून एकमत नाही.

(दृश्य: ओट्यावर काका. दोर हातात.)

सगळे चहाला बसले तरी काका दोर हातातून सरकवत बसलेत. एका टोकापासून, वीत-वीत, दोन बोटांच्या चिमटीत. डोळे दुसरीकडेच, बोटं बघतात. मध्ये एका जागी चिमूट थांबली. वरून काही दिसत नाही, पण त्यांनी दोर उलटा पिळला तर आतले दोन पेड विसविशीत झालेले. बुंध्याच्या वेढ्यात जिथं ओंडका थांबवला तीच जागा. काकांनी कोयता मागितला, दोर पायरीवर धरला आणि तेवढा तुकडा कापून बाजूला टाकला. मग उरलेला दोर हाताने मोजायला घेतला. उद्याचं झाड देवपूरला आहे, नदीपलीकडे.