कोपालचे सांगाडे

कोयत्याचा पहिला घाव ओल्या लाकडावरच पडतो. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात, सान मार्तिन तिलकाहेते गावात, हे लाकूड असतं कोपालचं. आपल्या सालई-गुग्गुळाच्याच कुळातलं झाड. १ आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या सणात, घरची गेलेली माणसं भेटीला येतात तेव्हा, वेदीपुढे याच प्रकारच्या झाडांचा डिंक धूप म्हणून जळतो. आणि लाकडातून घडतात हे हसरे सांगाडे.

ओलं कोपाल साध्या सुरीनंही सहज कापलं जातं. वाळलं की हट्टी होतं. म्हणून कोरीव काम आधी, वाळवणं नंतर. फांदी मुळातच वाकडी असेल तर तो बाक सांगाड्याच्या नाचाला वापरतात. आडवे पसरलेले हात मात्र वेगळे कोरून खुंटीनं बसवायचे. सलग कोरले तर लाकडाच्या धाग्यांची रेषा आडवी जाते आणि मनगट पहिल्याच धक्क्याला मोडतं.

आता ही कात्रिना पाहा, टोपीवाली सांगाडा-बाई. मेक्सिकन चित्रकार पोसादाच्या चित्रातली कवटी, जिला चित्रकार दिएगो रिवेरानं १९४७च्या भित्तिचित्रात अख्खं अंग दिलं. तिच्या टोपीचा काठ पातळ, म्हणून आधी वाळतो आणि आधी तडकतो. छोटी मूर्ती वाळायला काही आठवडे लागतात, मोठीला महिने. तेही सावलीत. उन्हात वरचा थर आकसतो, गाभा ओलाच राहतो, आणि चीर पडते. चिरेत कोपालचीच पातळ पाचर ठोकायची, वर भुसा आणि गोंदाचा लगदा, मग सँडपेपर.

बारीक भोकं, खाली पिठासारखा भुगा दिसला, तर आत किडा आहे. काही जण मूर्ती फ्रीझरमध्ये ठेवतात, काही कीटकनाशकात बुडवतात. हे टाळलं, तर भुगा गिऱ्हाइकाच्या घरी पडतो.

रंगकाम बहुतेकदा घरातल्या बायकांकडे. पूर्वीचे ॲनिलिन रंग उजेडात विटायचे, आता ॲक्रिलिक. सांगाड्याला आधी पांढरा हात, मग डोळ्यांच्या खोबणीत काळा. कपाळावर झेंडू, तोही मूळचा इथलाच. पाकळी म्हणजे काडीच्या टोकानं दिलेला ठिपका. दर ठिपक्याला काडी नव्यानं बुडवायची, नाहीतर पुढचा ठिपका बारीक पडतो. रंग पातळ झाला तर पसरतो, घट्ट झाला तर टोक उभं राहतं.

दुकानात यालाही सर्रास ‘अलेब्रिहे’ म्हणतात. ते चूक. ते नाव कारागीर पेद्रो लिनारेसच्या कागदी लगद्याच्या विचित्र प्राण्यांचं, आणि ते घडले मेक्सिको शहरात.