लहान आकड्याला हात नको

नमस्कार श्रोतेहो. पाऊस सरत आला की खिडकीच्या गजांवरून बोट फिरवा, तांबूस भुकटी लागते. चवथीच्या तोंडावर घर रंगवणाऱ्यांना मी कायम सांगतो, गजांना रंग मे महिन्यात द्या. पण ऐकतो कोण! तर हा गंज. त्यात पाणीही असतं, ते आज बाजूला ठेवू. त्याचं रासायनिक समीकरण मांडू: लोह म्हणजे एफई, अधिक ऑक्सिजनच्या दोन अणूंची जोडी म्हणजे ओ-टू, बाणापलीकडे गंज, एफई-टू-ओ-थ्री. डावीकडे लोहाचा अणू एक, उजवीकडे दोन. ऑक्सिजनचे डावीकडे दोन, उजवीकडे तीन. अणू नाहीसे होत नाहीत, नव्याने उगवतही नाहीत. म्हणून दोन्ही बाजू जुळवायच्या.

डिचोलीला आमच्या वर्गात हेच फळ्यावर होतं. एक मुलगा उठला, वडील खाणीवर ट्रक चालवायचे. त्याने उजवीकडचं सूत्र पुसून लिहिलं, एफई-ओ-टू. लोह एक-एक, ऑक्सिजन दोन-दोन. झालं!

सरांनी चष्मा वर केला. "शाबास. तुझा बापूय ट्रकात काय भरतो रे?"

"खनिज, सर."

"म्हणजे एफई-टू-ओ-थ्री. मुरगाव बंदरातून जहाजं भरून जपानला गेलं ते हेच. तुझं एफई-ओ-टू कुठल्या खाणीत निघतं? सांग त्याला, उद्यापासून ट्रक रिकामाच ने!"

वर्ग हसून लोळला. पुढे 2016 साली शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत खरंच एफई-ओ-टू बनवलं, पृथ्वीच्या पोटात पार खोलवर असतो तेवढा दाब देऊन. पठ्ठ्याने बातमी वाचली आणि सरांना फोन लावला. "सर, मिळालं माझं खनिज!"

सर म्हणाले, "मग ने ट्रक तिथवर, आण भरून."

तेव्हा सूत्रातल्या खालच्या बारीक आकड्याला हात लावायचा नाही. पुन्हा सांगतो, बारीक आकड्याला हात नाही, पदार्थच बदलतो. आकडा द्यायचा तो अख्ख्या सूत्राच्या आधी.

ऑक्सिजन आधी घ्या. दोन आणि तीनचा लसावि सहा. म्हणून ओ-टूच्या आधी तीन, एफई-टू-ओ-थ्रीच्या आधी दोन. आता उजवीकडे लोह चार, मग डावीकडेही चार. चार, तीन, दोन. लोह शेवटी, कारण ते एकटं आहे, त्याचा आकडा बदलला तरी बाकीचं बिघडत नाही.

ॲल्युमिनियम घेतलंत तरी हेच येईल, चार, तीन, दोन. मॅग्नेशियमचं ऑक्साइड मात्र एमजी-ओ. तिथले आकडे कागदावर काढा, मी सांगणार नाही. नमस्कार.